शिरीषचं टेबल वगळून

१८ एप्रिल २०१४, हिगाशी-कसाई, जपान
ठरलं. गोल्डन वीकच्या सुट्टीत जर्मनी. ल्युबेक. उत्तरा भलतीच खूश. जुनं बंदर, सात मनोरे, नदीतली बोट, सगळं वहीत उतरवून बसली आहे. खरं कारण बायकोला सांगायचं नसतं.

खरं कारण ऑफिसातला शिरीष. गेल्या वर्षी हा ल्युबेकहून आला आणि इथल्या ऑफिसच्या रीतीप्रमाणे प्रत्येकाच्या टेबलावर ओमियागे, म्हणजे प्रवासाहून आणलेला खाऊ, ठेवत गेला. बदामाचं मार्झिपान. माझ्या टेबलावर नाही! त्या दिवशी मी दाढ काढायला गेलो होतो हे खरं, पण टेबल तर जागेवर होतं ना?

आता त्याच गावचा तोच खाऊ, शिरीषचं टेबल वगळून. एक वर्ष थांबलोय.

३० एप्रिल, ल्युबेक
पोचलो. वेशीला दोन जाडजूड बुरूज आहेत, जरा कललेले वाटले. नीट बघायला वेळ नाही, आधी खाऊ. दुकानात ढीग आहे, पण सगळा सुटा. जपानी ऑफिसात प्रत्येक तुकडा वेगळ्या कागदात लागतो. दुकानातली बाई म्हणाली, घरी गुंडाळा. हिला काय कळणार. उत्तराला सांगितलं, बोट उद्या.

१ मे
कामगार दिन. दुकानं बंद. उत्तरा म्हणाली, बरं झालं, आज गाव बघू. मी काचांतून मालाची पाहणी केली. अकरा दुकानं. ती चर्चच्या पायरीवर बसून होती.

२ मे
सापडलं! सुटं सुटं गुंडाळलेलं, वर वेशीचं चित्र. शेवटची बोट सुटल्यावर धक्क्यावर पोचलो. खोक्यावरचं चित्र दाखवून उत्तराला म्हटलं, ही बघ वेस, घरी निवांत बघ. हॅम्बुर्ग येईपर्यंत बोलली नाही. दमली असावी.

७ मे, सकाळी ९, ऑफिस
वाटप. प्रत्येकापुढे किंचित वाकून. शिरीषचं टेबल ओलांडून पुढे. तो हसला. कसनुसं हसला. फार बरं वाटलं.

दुपारी १
ऑफिसातल्या ज्येष्ठ मोरियामा-सानना वाटलं, ते टेबल माझ्याकडून चुकून राहिलं. माझ्या वतीने त्यांनी शिरीषची माफी मागितली आणि स्वतःचा तुकडा त्याला दिला. ते पाहून शेजारच्यांनी दिला. मग बाकीच्यांनी. शिरीषच्या टेबलावर आता नऊ. साहेबांनी बोलावून घेतलं. प्रवासाचा शीण असेल, म्हणाले, पण माफी मागून या.

मागितली. वाकून.

"सोड रे," शिरीष म्हणाला. "माझं गेल्या वर्षीचं पोचलं होतं ना? तुझी दाढ काढली होती, म्हणून घरी उत्तरावहिनींकडे दिलं होतं."

संध्याकाळी ८
जाब विचारला.
"खाल्लं मी," उत्तरा म्हणाली. "इतकं आवडलं, म्हणून तर ते गाव बघायचं होतं."
मोठ्या मनाने तिला माफ केलं.

१० मे
उत्तरा ऑक्टोबरमध्ये पुन्हा ल्युबेकला चालली आहे. शिरीषच्या बायकोबरोबर, सुमनबरोबर. तिकिटं काढूनही झाली. मीही येतो म्हटलं, तर म्हणाली, तू बघितलंयस की. तोवर मी शिरीषकडे जेवायचं, हेही दोघींनी परस्पर ठरवलंय. त्याला वरण-भात येतो म्हणे.

येताना खाऊ आणणार का, विचारलं. आणणार, म्हणाली. तुझ्या ऑफिसमधल्या सगळ्यांना.
"आणि मला?"
"तुझं बघू."