गोधड्यांचा कातळ

आई, तुझ्या घरी राहायला येऊन मला आता दुसरा पावसाळा सरला. शाळेतली नोकरी संपली, तुझे जावई गेले आणि नगरचं घर एकदम मोठं वाटायला लागलं. मुलगा सुप्याला कंपनीत आहे, त्याचं बिऱ्हाड तिथंच. "आमच्याकडे ये," म्हणाला. मी म्हटलं, मला रोज पाणी दिसलं पाहिजे. तो हसला. पण खरं सांगते, इतकी वर्षं वर्गात मुलांना समुद्र शिकवताना माझ्या डोळ्यांपुढे आपल्या धरणाचंच पाणी असायचं. समुद्र मी पुढं पुष्कळ उशिरा पाहिला, आणि तो मला आपल्या धरणापेक्षा थोडा जास्तच आवाज करणारा वाटला.

घट बसायच्या आधीचा तो दिवस आठवतो. अंधार जायच्या आत तुझ्या भाकरी थापून झालेल्या असत, चुलीपाशी ठेचा कुटलेला असे. घरातल्या सगळ्या गोधड्या डोक्यावर घेऊन तू पुढं, मी मागं. पाण्याकाठच्या त्या सपाट कातळावर अख्ख्या गावातल्या बाया जमलेल्या. धोपाटण्यांचा आवाज पलीकडच्या डोंगराला लागून परत येतोय. कुणीतरी म्हणतं, पाणी यंदा लई वर आलंय. तू गोधडी आपटत म्हणतेस, "आपली जमीन गिळली यानं, मंग आपल्या गोधड्या तरी धुऊ दे की." बाया हसतात. तूही हसतेस, पण धोपाटणं जरा जोरात बसतं.

गोधडी एकट्या माणसाला पिळता येत नाही. एक टोक तुझ्याकडे, एक माझ्याकडे. मी कुठल्यातरी होडीकडे बघत होते आणि माझं टोक सुटलं. धुतलेली गोधडी चिखलात. तू सगळ्यांदेखत मला झापलंस. "हाताकडं बघू नको, होडीकडं तर न्हाईच. पिळताना समोरच्याच्या डोळ्यात बघायचं. त्यो कवा सोडनार ते आधी डोळ्यात दिसतं." मी रडले. तू ती गोधडी पुन्हा धुतलीस, आणि माझ्या लग्नात तीच मला दिलीस. नगरच्या घरात ती कपाटात असायची, इथं आल्यापासून मी रोज अंगावर घेते.

आता तिथं हॉटेल झालंय, आई. पांढरे तंबू, झुलते पाळणे, कृत्रिम गवत, फोटो काढायला उभं केलेलं मोठं लाकडी हृदय. शिर्डीचं दर्शन उरकून लोक इकडे मुक्कामाला येतात. मोटारबोटी दिवसभर फिरतात, त्यामुळे पाणी कधी निवांत नसतं. कातळ आहे, पण तारेच्या कुंपणाच्या आत. गावातल्या सुना त्या हॉटेलात पाहुण्यांच्या चादरी मशीनमध्ये धुतात. घरची धुणीही आता मशीनमध्येच होतात. कातळाची आठवण कुणाला येत नाही, आणि का यावी?

यंदा घटाच्या आधी मी तुझी गोधडी घेऊन गेले. फाटकावर माझ्या वर्गातला सोबती होता. साखर कारखान्यातली नोकरी संपल्यावर तो इथं गणवेश घालून उभा राहतो. मला बघून खजील झाला.

"बाई, हितं धुनं बंद केलंय. बोर्ड लावलाय बघा."

लहानपणी अगं-तुगं करणारा माणूस आता मला बाई म्हणतो. मी म्हटलं, "तुझी आई इथंच धुवायची ना रे?"

"व्हय. पन पोरास्नी कामं मिळाली, खोटं कशाला बोलू?"

तेवढ्यात मॅनेजर आला. तरुण, अदबीचा मुलगा. सगळं ऐकून त्याचा चेहरा उजळला. "आजी, धुवा की! फक्त रविवारी या. पाहुणे असतात. त्यांना बघायला फार आवडेल."

मी तडक घरी आले. बघायला! माझ्या आईचं धुणं म्हणजे काय तमाशा आहे? रागारागात गोधडी अंगणात घमेल्यात भिजवली, आपटली. पण भिजल्यावर ती मला उचलेना. पिळायला शेजारीपाजारी हाक मारली, तर सगळी कामावर गेलेली. अर्धवट ओली गोधडी भिंतीवर तशीच पडून राहिली, आणि तिला वास यायला लागला. रविवारी मी ती ढकलगाडीवर घालून फाटकाशी नेली.

लोक मोबाईल धरून उभे राहिले. मी खाली मान घालून कातळावर गोधडी आपटत होते. पिळायची वेळ आली तेव्हा एक पुण्याची सून पुढं आली, "मी धरू का?" म्हणाली. तिनं टोक धरलं आणि मी ज्या अंगाला पिळते त्याच अंगाला ती गोल फिरू लागली. गोधडी पिळेचना. सगळे हसले, मीही. मग म्हटलं, "माझ्याकडे बघ, पोरी." ती बघत राहिली. पाणी धारेनं कातळावर पडलं.

"कुणाची आहे ही?" तिनं विचारलं. मी सांगितलं, वरचं लुगडं आईचं, आतली चिरगुटं सगळ्या घराची. ती कातळावर बसूनच राहिली, आणि मी तुझ्याबद्दल बोलत राहिले. किती दिवसांत कुणी विचारलंच नव्हतं, आई. मग तिच्या नवऱ्यानं बोटीसाठी हाक मारली. ती उठून गेली. तिचं नाव विचारायचं राहिलं.

जाताना मॅनेजरनं विचारलं, "पुढच्या रविवारी?" मी ताठपणे म्हटलं, "आता धुवायचं काही राहिलं नाही."

हे मुलाला फोनवर सांगता येत नाही. त्याला वाईट वाटेल किंवा तो मला न्यायला येईल. म्हणून कागदावर तुला सांगते. घडी करून उशीखाली ठेवीन, दुसरीकडे कुठं ठेवणार?

परवाच्या रविवारी मी पुन्हा गेले. तीच गोधडी घेऊन, वाळलेली, स्वच्छ. आणि फाटकाच्या अलीकडे वळणावर थांबून, कुणी बघत नाही असं पाहून, तिच्यावर दोन मुठी माती चोळली.