सेफिनाची सायकल

पामर्स्टन नॉर्थ, न्यूझीलंड,
मंगळवार, संध्याकाळ

प्रिय रसेल,

तुझे तीन फोन मी मुद्दाम उचलले नाहीत. चौथाही उचलणार नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मी चिडले की हसायला लागतोस. पत्र वाचून तू खुशाल हस, पण मला मध्येच तोडता येणार नाही तुला. म्हणून दुकान बंद करून बाबांच्या टेबलाशी बसलेय. हात दोनदा धुतले तरी कागदावर काळी बोटं उमटतायत. उमटू देत.

गेल्या आठवड्यात तू म्हणालास, "ग्लेन, अगं अहवालात एकच तर ओळ लिहायची आहे. वापरून वापरून बोल्ट ढिला झाला, एवढंच लिही. कुणाचं काय जातंय?" आठ दिवस झाले, हे वाक्य डोक्यातून जात नाही. सायकलचं चाक सरळ करताना आठवतं, चहा ओतताना आठवतं. काल मी एका भल्या माणसावर उगाच खेकसले, त्याचा गुन्हा एवढाच की त्यानं विचारलं, "कशी आहेस?" कुणाचं काय जातंय, हे मी तुला सांगते. तू शांतपणे वाच.

त्या बाईचं नाव तुला तक्रारीच्या कागदावरून कळलंय: सेफिना. वय सत्तेचाळीस. नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात कपडे धुण्याच्या विभागात आहे. सकाळी साडेसहाला हजर व्हावं लागतं आणि त्या वेळेला बस नाही. आधी नवरा गाडीनं सोडायचा. जानेवारीत त्याला लेव्हिनला काम मिळालं, गाडी तिकडे गेली. तेव्हा ह्या बाईनं ठरवलं की सायकल शिकायची. आयुष्यात कधी सायकलवर बसलेली नव्हती. सामोआत लहानपणी भाऊ चालवायचे आणि ही मागून पळायची. लेकीनं, मालियानं, चर्चच्या मागच्या आवारात तीन आठवडे तिला शिकवलं, शेजाऱ्यांची सायकल मागून आणून. गुडघे फुटले, पण शिकली. मग तिनं स्वतःची नवी कोरी सायकल घेतली. तुमच्या त्या मोठ्या दुकानातून. जांभळी, पुढे टोपलीवाली.

पाच दिवस चालवली. सहाव्या दिवशी सकाळी पुलाच्या अलीकडे बाजूनं वारा आला. इथला वारा तुला काय सांगायचा! तिनं हँडल वळवलं. हँडल वळलं, चाक सरळच राहिलं. हातात नुसती दांडी फिरत होती म्हणे. ती कठड्यावर आपटली. गळ्याजवळचं हाड मोडलं, दोन दात गेले, हनुवटीला सात टाके.

मालिया ती सायकल ढकलत माझ्याकडे घेऊन आली. कुठल्या तरी जाणकाराकडून लेखी हवं होतं तिला, तुमच्या मुख्य कार्यालयाला पाठवायला. मी सायकल स्टँडवर चढवली आणि दोन मिनिटांत मला कळलं. हँडलचा मधला बोल्ट नुसता बोटांनी फिरवून सोडलेला. डोक्यावरचा कारखान्यातला रंग जसाच्या तसा, पान्याचा एक ओरखडासुद्धा नाही. वापरून ढिला झाला, म्हणे! जो कधी आवळलाच नाही तो ढिला कसा होईल रे? पुढचं चाक गुडघ्यांत धरायचं आणि हँडल पिळून बघायचं. दहा सेकंद. हे बाबांनी तुला सातव्या वर्षी शिकवलं होतं, मला नवव्या. तेव्हा तू माझ्यापेक्षा लवकर शिकलास म्हणून मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते.

आणि मग मालियानं माहितीपुस्तकातून तो तपासणीचा कागद काढला. ब्रेक, चाकं, पेडल, हँडल, सगळ्यांपुढे बरोबरच्या खुणा, एका दमात मारलेल्या. खाली सही. ती म्हणाली, "हे काय लिहिलंय वाचताच येत नाही." मला आलं. त्या 'र'ची लांब शेपटी मी ओळखणार नाही? त्याच शेपटीनं तू शाळेच्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही ठोकायचास आणि मी गप्प बसायचे. त्या दिवशीही मी गप्प बसले. त्या मुलीला म्हणाले, "नाही बाई, मलाही लागत नाही." खोटं बोलले मी, रसेल. तुझ्यासाठी. ह्याचा राग वेगळाच आहे.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. दिवसाला बारा खोकी उघडायची, बारा सायकली उभ्या करायच्या, जोडणारी माणसं दर महिन्याला नवी, कालपर्यंत बागेच्या खुर्च्या जोडत होती. आणि सकाळी आल्या आल्या तू कागदांच्या गठ्ठ्यावर सह्या करून मोकळा होतोस, कारण नंतर वेळ मिळत नाही. हे तू मला स्वतः सांगितलंस, नाताळच्या जेवणात, हसत हसत. मी तेव्हाच ताट बाजूला सारलं होतं. ज्याला सायकलमधलं कळतं तो आमच्यासारख्याकडे येतो. बोल्ट ढिला असेल तर त्याला हाताला कळतं. ज्याला काहीच कळत नाही, ज्याचा जीव तुमच्या त्या सहीवर टांगलेला असतो, नेमका तोच माणूस तुमच्या दारात येतो. आणि त्यालाच तुम्ही न तपासलेली सायकल हसून हातात देता. तुला सहा वर्षांपूर्वी बाबांचं दुकान सोडून तिकडे जायचं होतं, गेलास. मी अडवलं नाही. पण हात तर बाबांचेच घेऊन गेलास ना?

नाताळात तू मला एक उत्तर दिलं होतंस. म्हणालास, "ग्लेन, तुझ्या दुकानात नवा माणूस शिरला की त्याला गुन्हेगार असल्यासारखं वाटतं. माझ्याकडे निदान कुणी लाजून परत जात नाही." मी तुला चालता हो म्हणाले. त्यानंतर आपण बोललो ते थेट ह्या बोल्टवर.

आता पुढचं. अहवाल लिहून मी तो स्वतः द्यायला मालियाच्या घरी गेले. दार सेफिनानंच उघडलं, हनुवटीवर टाक्यांची खूण. मी तिला पाहताक्षणी ओळखलं. तिनंही मला ओळखलं. "या," म्हणाली, "तुम्ही त्या क्युबा स्ट्रीटच्या दुकानातल्या."

ती आधी माझ्याकडे आली होती, रसेल.

फेब्रुवारीतला शनिवार. ग्रेम आणि त्याचं सायकल क्लबचं टोळकं नेहमीसारखं काउंटरला टेकून उभं, अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, हातात कॉफी. ती दारातून आत आली, अंगानं थोराड, चर्चला जातात तसा फुलांचा पोशाख घालून. हळूच म्हणाली, "मला सायकल घ्यायची आहे. मी नवीन आहे." मी वर न बघता विचारलं, "मुलासाठी का?" ती म्हणाली, "नाही, माझ्यासाठी." ग्रेम खालच्या आवाजात म्हणाला, "मग दोन चाकं पुरायची नाहीत, ग्लेन, ट्रकची काढ." खालचा आवाज म्हणायचा, पण दुकान केवढंसं! सगळे हसले. मीही हसले. मोठ्यानं नाही, पण हसले. मग तिला म्हणाले, "कसल्या प्रकारची हवी ते आधी ठरवून या, इथे खूप प्रकार असतात." तिनं मान हलवली, आभारसुद्धा मानले, आणि गेली. पाच मिनिटांनी मी तिला विसरले. ती मला विसरली नाही.

घरात तिनं मला बसवलं, कोको दिला, सोबत नारळाच्या दुधातले पाव. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, "आधी खा." खाऊन झाल्यावर मी सगळं बोलले. हसल्याचंही. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तिकडचा माणूस फार चांगला. मला मॅडम म्हणाला. मी पडू नये म्हणून सायकल धरून उभा राहिला, टोपली कुठली शोभेल ते सांगितलं, एकदाही हसला नाही. पण सायकल तशी निघाली. तुमच्याकडे सायकली चांगल्या, पण माणसं तशी. मग मी जायचं कुठं, ते सांगा."

रागानं नाही विचारलं तिनं. खरंच विचारत होती. मालिया खिडकीशी उभी होती, तिनं तोंड फिरवलं. घरी येताना मी तुझ्यावर चिडले, ग्रेमवर चिडले, पोहोचेपर्यंत उरले मीच. शनिवारी ग्रेमला सांगितलं की कॉफी आता बाहेरच्या बाकावर प्यायची. तो म्हणाला, "तू फारच मनावर घेतेस बुवा." म्हटलं, हो, घेते. तीन महिने उशिरा घेतलं.

अहवाल मी खरा लिहिला आहे. बोल्ट कधीच आवळला गेला नव्हता, हे स्पष्ट. तुझी एक ओळ त्यात नाही आणि येणारही नाही. तो त्यांच्या हातात दिला. फक्त सही कुणाची, हे मी अजून सांगितलेलं नाही, आणि हेच मला पोखरतंय.

हे सगळं मी आज का लिहितेय ते आता सांगते. काल संध्याकाळी त्यांच्याकडे पुन्हा गेले होते; डॉक्टरांनी सेफिनाला परवानगी दिली आहे. तिला पुन्हा सायकल चालवायची आहे. मी म्हटलं, मी आणते, माझ्या हातानं जोडलेली, शिकवायलाही येते. रविवारी साडेतीन वाजता, चर्चच्या मागच्या आवारात. ती हो म्हणाली, आणि दारापर्यंत सोडायला आली तेव्हा संकोचून म्हणाली, "त्या दुकानातल्या रसेललाही बोलावता येईल का? तो असला की मला भीती कमी वाटेल." मी सांगितलं, तो माझा भाऊ आहे. ती केवढी खूश झाली! रसेल, ती तुला देवमाणूस समजते. त्या कागदावरची सही तुझी आहे हे तिला ठाऊक नाही. तिला ते माझ्याकडून कळू नये, तुमच्या कार्यालयाच्या पत्रातून तर मुळीच नाही. शनिवारी तिला सुट्टी असते. त्यांच्या घरी जा, तिच्यासमोर बस आणि सांग: न बघता सही मी केली. नोकरी जाईल कदाचित. ती दार लावून घेईल कदाचित. लावलं तर निमूट परत ये, समजूत घालत बसू नकोस. आणि तरीही तिनं रविवारी ये म्हटलं, तर ये. तू गेला नाहीस, तर रविवारी तीन वाजता, ती सायकलवर बसायच्या आधी, मी सांगेन. ह्या वेळी मी गप्प बसणार नाही.

तुझीच, रागावलेली पण तुझीच बहीण,
ग्लेनिस