अर्ध्या दाढीचा नवरा आणि रिकाम्या गाड्यांचा बंदोबस्त

ती. मामा,

तुम्हाला आणि मामींना वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? आम्ही सगळे ठीक आहोत. म्हणजे होतो, परदेशचे पाहुणे येईपर्यंत. (तुम्ही पोलीस मुख्यालयात मोठे साहेब, म्हणून तुमच्याच कानावर घालतो. राग आला तर मामींवर काढू नका.)

शुक्रवारी सकाळी सलून उघडलं, तर रस्त्यावर प्रत्येक खांबाला एक पोलीस, आणि ज्याला खांब मिळाला नाही तो माझ्या बाकावर. शिवाय एक कुत्रा गाडीतून आला. त्याला धरायला एक माणूस, त्याचं बाटलीतलं पाणी धरायला दुसरा. (आमच्या नळाला आठवडाभर पाणी नाही. हे कुणाच्या पैशाने, ते मी विचारत नाही. कर भरतोय तो मीच.)

खुर्चीत टपालखात्यातला एक कारकून होता. समोरच्याच विवाह नोंदणी कार्यालयात त्याचं लग्न होतं. डावा गाल झाला, उजव्याला वस्तरा लावणार, तोच फौजदार आत आला आणि माझे सगळे वस्तरे पिशवीत घालून मोहोरबंद केले. म्हणाला, पाहुण्यांना धोका आहे. म्हणजे मी खुर्चीतलं गिऱ्हाईक सोडून, धावत्या गाडीची जाड काच फोडून, परक्या माणसाची दाढी करायला जाणार! वर रस्ता बंद, कुणी बाहेर पडायचं नाही. नवऱ्याच्या गालावर फेस वाळत चालला. समोरच्या खिडकीत नवरी हातातलं घड्याळ दाखवत होती, कारण कार्यालय शनिवारपासून आठवडाभर बंद आणि तिची बदलीच्या गावी जायची गाडी रविवारी.

शेवटी ती खाली उतरली आणि रिकाम्या रस्त्यातून सरळ चालत आली. शिट्ट्या पुष्कळ वाजल्या, पण अडवायचं कुणाच्या हुकमाने हे जो तो वरच्याला विचारत बसला. उत्तर येईपर्यंत ती दुकानात. नवरा गाल झाकून म्हणाला, लोक हसतील.

"मी दाढीशी लग्न करत नाहीये," ती म्हणाली. "चल."

तेवढ्यात फौजदाराच्या बिनतारी यंत्रावर निरोप आला, की पाहुण्यांचं डोकं दुखतंय, ते विमानतळावरून हेलिकॉप्टरने परस्पर गेले. झालं, म्हटलं, सुटलो. पण बंदोबस्त उठवायचा हुकूम नव्हता. ठरल्याप्रमाणे रिकाम्या गाड्या सन्मानाने गेल्या आणि सगळ्या खात्याने त्यांना कडक सलाम ठोकले. (मीही उभा राहिलो. न जाणो.)

मग लग्न लागलं. फोटो डाव्या बाजूनेच काढले. साक्षीदार पलीकडच्या नाक्यावर अडकलेले, म्हणून फौजदार आणि दोन हवालदारांनी सह्या केल्या. एवढ्या खर्चात सरकारच्या हातून जनतेचं झालेलं तेवढंच काम. फौजदाराने नवरीला आहेरही केला, आणि हळूच डोळे पुसले. माणूस वाईट नाही, कामाला लावला की.

तुमचा भाचा

ता. क. माझे वस्तरे मुख्यालयात कुठेतरी पडले असतील. तेवढे सोडवा.

आणखी ता. क. पुढच्या महिन्यात दुसरे पाहुणे येताहेत म्हणे. दिवसभर उभ्या राहणाऱ्या पोलिसांच्या दाढ्या फार वाढतात, हे मी जवळून पाहिलंय. बंदोबस्ताच्या खर्चात दाढीचं एक कलम घालून ते काम मला मिळालं, तर देशाच्या इभ्रतीसाठी बरं दिसेल. पाहुणे नाही आले तरी चालेल.