भुरीच्या पंजाला बिब्बा

पुसद, १२ जाने. १९५९, सोमवार

भुरी तीन पायांवर घरी आली. उजवा पुढचा पंजा वर धरलेला. तळव्याच्या गाद्यांमधे ज्वारीचं धसकट घुसलं होतं. दिसत होतं तेवढं उपटलं. मग सुईला टोचून बिब्बा तापवला, दोन थेंब जखमेवर, वर जुन्या लुगड्याची चिंधी. हे म्हणाले, "कुत्र्याले कोणी बिब्बा लावते काय?" म्हटलं, दर हिवाळ्यात तुमच्या टाचांच्या भेगांना लावते, तेव्हा बरा चालतो.

१३ जाने.

चिंधी फाडून रात्रभर पंजा चाटला असावा. तोंड सुजलंय, ओठ भाजल्यासारखे, लाळेच्या तारा. पाण्याला जीभ लावली नि किंचाळून मागे सरली. बिब्बा उतलाय, तोंडभर फोड. माझंच कर्तृत्व.

शेजारच्या नाझरीणबाई नेमक्या तेव्हाच भिंतीवरून डोकावल्या. "पिसायली वो! पाण्याले भेते!" घटकाभरात कोतवाल काठी घेऊन दारात. मागे नाझरसाहेब, म्हणजे कचेरीतले ह्यांचे वरिष्ठ. "निकाल लावून टाका कुत्र्याचा."

उंबऱ्यात उभी राहिले. म्हटलं, बिब्बा मी लावला, आधी माझा निकाल लावा. कोतवाल बिचारा काठी पाठीमागे लपवायला लागला. आजचं टळलं.

१४ जाने., संक्रांत

हळदीकुंकवाला एकही बाई फिरकली नाही. ताटभर तिळगूळ तसाच. नका येऊ.

तांड्यावरची सोमली तेवढी दूध घेऊन आली. भुरी तिनेच दिलेली, पिल्लू असताना. लांबूनच भुरीचं तोंड पाहिलं आणि माझ्यावर उखडली. "बाई, कायले बिब्बा लावला? कुत्रं चाटल्याबिगर राह्यते काय? तिची जीभच तिचा वैद. त्या वैदालेच तुमी जहर चारलं."

ती गेल्यावर चुलीपुढे बसून रडले. चूक कबूल. पण माझ्या चुकीसाठी भुरी मरणार नाही.

१५ जाने.

सोमलीच्या सांगण्यावरून तोंडाला खोबरेल, दिवसातून चारदा, काडीला कापूस गुंडाळून. पंजा कोमट मिठाच्या पाण्यात धरला. आत राहिलेला धसकटाचा तुकडा पुवाबरोबर बाहेर आला, नखाएवढा. एवढ्याशा कुसळापायी केवढं रामायण! नंतर कडुलिंबाच्या पाण्याने धुऊन ह्यांचा जुना मोजा चढवला.

१६ जाने.

कचेरीत नाझरसाहेबांनी सर्वांसमोर ह्यांना सुनावलं म्हणे. घरात पिसाळलेलं कुत्रं पाळणाऱ्याने ढाणकीसारख्या आडगावी बदलीची तयारी ठेवावी. हे जेवले नाहीत. मी म्हटलं, ढाणकीला कुत्री चालत असतील. हसले नाहीत.

जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, दहा दिवस बांधून ठेवा. पिसाळलेलं असेल तर तेवढ्यात मरतं. नाझरसाहेबांना ते पटत नाही. उद्या येणार आहेत.

१७ जाने., शनिवार

आले. पाच माणसं, तीन काठ्या. बायका भिंतीपलीकडे.

भुरीला साखळीने अंगणात आणलं. सर्वांदेखत तिचा जबडा उघडला, बोटाने खोबरेल लावलं. काही केलं नाही तिने. तिथेच थांबायला हवं होतं. पण मला चेव आला. पंजा पण दाखवते म्हणून मोजा ओढला, तो जखमेला चिकटलेला. तिने मान वळवली आणि माझ्या मनगटाला दात लागला. रक्ताचा एक थेंब. सगळ्यांनी पाहिला.

मग नाझरसाहेब, "आता?"

"आता दहा दिवस मोजत बसा. तिचे आणि माझे."

कंपाउंडरही सोबत होता. तो घाईघाईने म्हणाला, आता तर मारूच नका, बाईंना चावलं ना, कुत्रं जिवंत ठेवून पाहावंच लागते. काठ्या खाली गेल्या. जे माझ्या तोंडाने झालं नाही ते भुरीच्या दाताने केलं. मनगट राखेने घासून साबणाने धुतलं.

१९ जाने., सोमवार

हे दोन दिवस एकच बोलतात. यवतमाळला चल, पोटात चौदा इंजेक्शनं घेऊन टाक. मी जाणार नाही. गेले तर भुरी पिसाळली असं मीच गावाला सांगितल्यासारखं होईल. आज त्यांनी माळ्यावरून पिशवी काढून माझी दोन लुगडी भरली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "जिद्द कुत्र्यासाठी करतेस, माझ्यासाठी एवढं कर." मी लुगडी काढून पुन्हा दोरीवर टाकली. जीव तुटतो माझा त्यांना पाहून. पण नाही.

दुपारी भुरीने पंजा क्षणभर जमिनीला टेकवला. भाकरी दुधात कुस्करून दिली, खाल्ली. लाळ कमी वाटते. मग पाणी ठेवलं. दोन घोट प्यायली, थांबली, वाडग्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि उठून गेली.

हे कचेरीतून यायच्या आत, वाडगा रिकामा दिसावा म्हणून, उरलेलं पाणी मी तुळशीत ओतलं.