इंजिनाच्या नव्या उशा

ताई, काल सगळ्यात आधी उगवला तो भंगारवाला. मी अजून दात घासत होते. (नमस्कार राहिला, तो करते. तुझा गुडघा वाकतोय का? आणि सूनबाईला अजून घालूनपाडून बोलतेस का?) त्याला बोलावलं होतं माझ्याच मुलाने, ह्यांची गाडी उचलायला. म्हणे, "आई, गाडी गदगदा हलते, गिअर सापडत नाही, एक दिवस कुठेतरी ठोकशील." गिअर सापडत नाही हे खरं. तिसरा शोधायला दांडी कढईतल्या उलथन्यासारखी फिरवावी लागायची. पण हे गेल्यापासून तीच गाडी मला तुझ्यापर्यंत आणते. ती गेली की आपली भेट मुलाच्या सवडीवर, आणि त्याची सवड तुला ठाऊक आहे.

तेवढ्यात माझी नात (लेकीची, गॅरेजात काम करते ती) तिच्या मिस्त्रींना घेऊन आली. त्यांना सगळे हळूबाबा म्हणतात, कारण कुणी पाना हातात घेतला की ते "हळू, हळू" करतात. नात म्हणाली, "मामा, संध्याकाळपर्यंत थांब. आजी तुला दवाखान्याच्या चढावर नेईल. गाडी बंद पडली तर खुशाल दे भंगारात." भंगारवाला म्हणाला, मीपण थांबतो. बसला पायरीवर. चहा दिला, करते काय!

ताई, इतकी वर्षं त्या गाडीत बसले, पण तिच्या पोटात काय आहे ते काल पाहिलं. खालून जॅक लावून, मध्ये लाकडाची फळी ठेवून त्यांनी अख्खं इंजिन दोन बोटं उचललं, तान्ह्या बाळाची मान धरावी तसं. एवढं लोखंडाचं धूड, आणि टेकतं कशावर, तर रबराच्या तीन उशांवर! आमच्या उशा फाटून लोंबत होत्या, म्हणून बिचारं आत उड्या मारत होतं. माझ्या अंगावर काटाच आला. नव्या उशा चांगल्या कडक घातल्या. मग गिअरच्या दांडीखालचे रबरी बुश (कोटाच्या बटणाएवढे, ताई, आणि सगळे गिअर त्यांच्या भरवशावर!) बदलताना हळूबाबांच्या चिमट्यात निळ्या फुलांचा रबराचा तुकडा आला. "हे कंपनीचं नाही," ते म्हणाले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी भंगारवाल्याला आणखी चहा विचारला.

संध्याकाळी चढ. मुलगा शेजारी, दाराचं हँडल घट्ट धरून. जिथे गाडी दरवेळी मान टाकायची तिथेच मी तिसऱ्यावरून दुसरा टाकला. टक्! पेटीचा खटका लागावा तसा. आणि गाडी चढली, ताई, न कण्हता, न कुथता. वर पोचल्यावर मुलाने हँडल सोडलं. मग हळूच म्हणाला, "आई, उतरताना मी चालवू?" मी नाही म्हटलं.

(कडक उशांमुळे, इंजिन चालू ठेवून गाडी उभी केली की माझे उरलेले चार दात वाजतात. वाजू देत.)

तुझी धाकटी

ता.क. निळी फुलं ओळखलीस ना? आठ वर्षांपूर्वी हरवलेली तुझी शेकायची पिशवी. बुश तुझ्याच दारात तुटला, घरी तर पोचायचं होतं. मी कात्री चालवली, ह्यांनी तुकडा बसवला. तू सुनेवर आळ घेतलास तेव्हाच सांगणार होते, पण तू इतकी रंगात आली होतीस! आता तिच्याशी गोड बोल. शुक्रवारी नवी पिशवी घेऊन मी स्वतः गाडी चालवत येते. तिच्यासमोर कान धरीन, पण दार तू उघड.

आणखी एक. हळूबाबा आणि नात बोल्ट पुन्हा आवळायला गुरुवारी येतो म्हणालेत. भंगारवालापण गुरुवारीच येतोय, त्याचा टेम्पो घेऊन. त्यालाही तिसरा सापडत नाही.