खाजेची वही

बाबा, परवा प्रयोगशाळेत तुमचा आकडा माझ्या टेबलावर आला. माणूस दुसरा होता, चाळिशीचा, कधी न पाहिलेला. अ‍ॅलर्जीची प्रतिद्रव्यं इतकी जास्त होती की यंत्र बिघडलं असं समजून मी नमुना पुन्हा लावला. पुन्हा तेच आलं. अंगभर खाजरे फोड, असं डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं. मी आमच्या मॅडमना म्हटलं, ह्यांना कशाची तरी भयंकर अ‍ॅलर्जी असणार, काय काय खातात ते विचारायला हवं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "जेवणाचं राहू दे, मा. एचआयव्हीची तपासणी झाली आहे का, ते आधी विचार." मग त्यांनी समजावून सांगितलं. त्या आजारात लढणाऱ्या पेशी कमी होत जातात, उरलेली यंत्रणा भलतीकडेच धावते आणि हे प्रतिद्रव्य वाढत राहतं. अ‍ॅलर्जी असते, किंवा नसतेही. खाज मात्र खरी असते. मी मान डोलावली आणि हात धुवायला गेले. बराच वेळ धूत राहिले.

चेन्नईतल्या अंबत्तूरच्या त्या दोन खोल्यांत मी नऊ वर्षांची होते. शाळेत तमिळ आणि इंग्रजी, म्हणून मराठी तुम्ही मला स्वयंपाकघरात जमिनीवर बसून शिकवायचात. कारखान्यात तुम्ही सुटे भाग तपासायचात, बिघडलेल्या भागावर लाल रंगाचा ठिपका द्यायचात. तीच पद्धत तुम्ही घरी आणलीत. तुम्हाला सारखी खाज सुटायची म्हणून केलेल्या रक्ततपासणीच्या रिपोर्टावरच्या आकड्याभोवती पेनाने गोल काढून म्हणालात, "ही बघ अ‍ॅलर्जी. आता गुन्हेगार शोधायचा. एका वेळी एकच वस्तू बंद करायची, नाहीतर दोष कुणाचा ते कळत नाही." मी वही सुरू केली. काय खाल्लं, किती वाजता, खाज कुठे. पहिल्यांदा वांगं गेलं. मग शेंगदाणे, अंडी, दही, गहू. खाज थांबेना आणि मी खोडत राहिले. एका रविवारी आईने माझ्यासाठी थालीपीठ लावलं होतं. तुम्ही माझ्या ताटातला तुकडा उचललात आणि मी तो तुमच्या बोटांतून काढून घेतला. "साहेब, अर्धा तरी पास करा," तुम्ही हसत म्हणालात. मी म्हटलं, "रिजेक्ट." आईने तव्यावरून मान वळवली नाही. तुमचं घड्याळ तेव्हा मनगटावरून कोपरापर्यंत घसरत होतं. शेवटच्या महिन्यांत वहीत भात आणि मुगाचं पाणी एवढंच उरलं, आणि मला वाटत होतं, आता सापडेल.

आता आम्ही वेलचेरीला राहतो. काल सकाळी आई शेवग्याची पानं निवडत बसली होती.

"बाबांना एचआयव्ही होता?"

"होता." तिने एक काडी बाजूला टाकली.

"तुला कधी कळलं?"

"तो अ‍ॅलर्जीचा रिपोर्ट आला त्याच्या पुढच्याच आठवड्यात. माझी तीनदा तपासणी झाली. मी सुटले."

"सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळत होत्या, आई."

"मिळत होत्या. रांगेत कारखान्यातलं कुणी भेटेल म्हणाले. सगळ्यांना अ‍ॅलर्जी सांग म्हणाले. कुठे गेलो होतो ते विचारू नकोस म्हणाले. नाही विचारलं."

"आणि माझी वही?"

"फार छान होती गं तुझी वही." तिने पहिल्यांदा वर पाहिलं. "मी तिच्याबरहुकूम रांधलं. एक दिवस चुकले नाही. मी त्यांना उपाशी ठेवलं असतं तर लोकांनी मला नावं ठेवली असती. हे तर पोरीने लिहिलेलं, आणि ते स्वतः रोज वाचून खाली सही करायचे. मला कोण काय म्हणणार?"

तुम्ही सही करत होतात. वांग्याचा काही दोष नाही, हे माहीत असताना. मी शोधायचं थांबवलं तर दुसरंच काही विचारीन, ही तुमची भीती होती का? की आपल्याला हीच शिक्षा हवी असं ठरवून तुम्ही मला कामाला लावलंत? जे दिसेल तेच लिही, असं शिकवलंत आणि प्रश्नच खोटा दिलात. तुमची अब्रू राहावी म्हणून तुमच्या लेकीने तुम्हाला घास घास तोडून मारायला मदत केली, आणि तुम्ही तिचं अक्षर सुधारत राहिलात. मी आजही गॅसचं बटण तीनदा बघते. वांग्याची भाजी खाल्ली की पंधरा मिनिटं हातांकडे पाहत बसते. गोळ्या घेतल्या असत्यात तर कदाचित आज मी हे तुमच्या तोंडावर बोलले असते.

एक गोष्ट मात्र तुमच्यावर ढकलता येत नाही. सकाळची कॉफी फार उशिरापर्यंत टिकली होती. तिच्यासमोर कधीच काही नोंदलं गेलं नव्हतं. एक दिवस मी 'परीक्षा' पुन्हा ऱ्हस्व लिहिली म्हणून तुम्ही आईसमोर मला ढ म्हणालात. त्या संध्याकाळी मी लिहिलं: कॉफी, दोन्ही हातांना खाज. तुम्ही दिवसभरात एकदाही खाजवलं नव्हतं. तुम्ही ओळ वाचलीत, माझ्याकडे पाहिलंत आणि सही केलीत. हे आईला माहीत नाही. पाठवायला तुमचा पत्ता नाही ते बरं आहे. असता, तर एवढा परिच्छेद मी गाळला असता.