दौलतच्या अंगातलं

साखरा, ता. सेनगाव
११ डिसेंबर २०२४

चि. सौ. शिवकन्या,
दादाचा आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत. तुमच्याकडचं काही कळत नाही, कारण विचारायला मीच तोंड ठेवलं नाही. तूर यंदा चांगली भरली आहे. तुझ्या वैनीचा गुडघा थंडीमुळे पुन्हा दुखतो, पण ती काही बसून राहत नाही. दौलतला बांधायची जागा अजून रिकामी आहे. वैनी म्हणाली, तिथं कडबा रचू. मी नको म्हणालो.

फोन करणार होतो. दोनदा नंबर लावला आणि वाजायच्या आधी बंद केला. लिहिताना निदान मधे थांबता येतं.

मागच्या मंगळवारी मिना मॅडम आल्या होत्या. माझा दौलत आणि दाजींची घोडी लाडी, आपली दोन्ही जनावरं सरकारी हुकमानं संपवली, त्या दिवशी चष्मा लावलेल्या, हातात डबे घेतलेल्या डॉक्टरीणबाई होत्या ना, त्याच. त्यांनी तेव्हा विचारलं होतं, अभ्यासासाठी दौलतच्या आतले तुकडे घेऊ का. मी म्हणालो होतो, घ्या, पण त्यातून काय निघालं ते मला येऊन सांगा. शिकलेली माणसं असं ऐकतात आणि विसरतात. ही बाई विसरली नाही. हिंगोलीहून एसटीनं सेनगावला उतरली आणि तिथून ऑटोनं आली.

वैनीनं चहा केला. मॅडमनं वहीत घोड्याचं चित्र काढून मला समजावलं. घोड्यांच्या या रोगाचा विषाणू एकदा अंगात शिरला की जनावर मरेपर्यंत निघत नाही. ताप येतो, जातो, घोडं पुन्हा चांगलं दिसायला लागतं, नवरदेव घेऊन नाचतंसुद्धा. पण तो आत असतोच. आणि वाढताना तो स्वतःची नक्कल करतो, त्या नकलेत बारीक बारीक चुका होतात. जितकी वर्षं जास्त, तितक्या चुका जास्त. पाणथरीतला, म्हणजे प्लीहेतला, वेगळा होत जातो, काळजातला वेगळा, नळीच्या हाडातल्या मगजातला आणखी वेगळा.

"तुमच्या घोड्यात तो प्रत्येक ठिकाणी वेगळा निघाला," त्या म्हणाल्या. "म्हणजे बरीच वर्षं होता. घोडीत मात्र सगळीकडे जवळपास एकसारखाच होता. तिच्यात तो नुकताच आला होता."

मी विचारलं, "म्हंजे?"

"म्हणजे घोडीकडून घोड्याला गेला नाही, काका. तुमच्या घोड्याच्या रक्तातला एक प्रकार घोडीतल्याशी खूप जुळतो."

चार वर्षांमागं पोळ्याच्या सुमाराला दौलतला ताप भरला होता, पोटाखाली सूज आली होती, तुला आठवत असेल. आठ दिवसांत उतरला म्हणून मी नारळ फोडला होता. तेव्हापासूनच होतं ते.

शिवकन्या, इतके महिने मी लोकांना काय सांगत फिरलो ते तुला माहीत आहे. दाजींनी जत्रेतून रोगट घोडी आणली, तिनं माझा दौलत खाल्ला. सेनगावात सांगितलं, वसमतला सांगितलं. घोडेवाल्यांनी त्यांना वरातीला बोलावणं बंद केलं. घोडीही गेली आणि नावही गेलं. आता ते हळद शिजवायच्या कढईवर मजुरीला जातात असं कानावर आलं. आणि भाऊबीजेला तू ताट घेऊन डोंगरकड्याहून इथवर आलीस, तेव्हा मी शेतात जाऊन बसलो. वैनीनं सांगितलं, तू पाच वाजेपर्यंत थांबलीस.

मॅडमनं सांगितलं तेवढं लिहून पत्र टाकावं असं मनात होतं. दाजींची चूक नव्हती, माझा गैरसमज झाला, माफ करा. एवढंच.

१२ डिसेंबर

काल इथवर लिहून कागद वहीत ठेवला. सकाळी वैनीनं वाचला. तिला लिहिता येत नाही पण वाचता येतं. वाचून म्हणाली, "सगळं लिहिलं का?" मी म्हणालो, व्हय. ती शेळ्या सोडून निघून गेली. म्हणून पुन्हा बसलो आहे.

मॅडमनं शेवटी एक विचारलं होतं. "दोन्ही जनावरं कधी जवळ होती का? एकाच सुईनं इंजेक्शन दिलं होतं का? हा रोग मोठ्या माशीनं पसरतो, तसा सुईनंही पसरतो."

मी म्हणालो, "न्हाई. सुई दरवक्ताला नवी."

"मग माशीच असेल," त्या म्हणाल्या. "नक्की कोणीच सांगू शकत नाही." आणि वही बंद केली.

माशी नव्हती, शिवकन्या.

मागच्या फेब्रुवारीत वसमतला दोन भावांचं एका मांडवात लग्न होतं. थोरला दौलतवर, धाकटा लाडीवर. वरात निघायच्या आधी दौलत सुस्त वाटला म्हणून मी त्याला ताकदीचं इंजेक्शन दिलं. तेवढ्यात दाजी आले. म्हणाले, "भाऊ, लाडी मागच्या पायानं दबून चालून राहिली. दुखायचं काही हाय का तुमच्याकडं?" औषध होतं. सुई एकच होती. मेडिकलचं दुकान लांब, स्टँडजवळ, आणि बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली होती.

दाजींनी विचारलं होतं. मला शब्द न् शब्द आठवतो. "सुई नवी हाय ना, भाऊ?"

मी म्हणालो, "आत्ताच फोडली." आणि त्यांच्यासमोर ती दौलतच्या अंगातली सुई लाडीच्या मानेत घातली. दाजींनी तिचं तोंड धरलं होतं. तिच्या कानात काहीतरी बोलत होते.

तीन आठवड्यांनी लाडीला ताप भरला. दाजी फोनवर सांगत होते तेव्हाच मला ती सुई आठवली. रोगाचं नाव नंतर कळलं, पण हे सुईनंच झालं, ते मला त्याच क्षणी कळलं होतं. म्हणूनच मी इतक्या मोठ्यानं त्यांच्यावर आळ घेतला. आपल्याच मनातलं ऐकू येऊ नये म्हणून माणूस ओरडतो, तसं.

एक विचार राहून राहून येतो. दाजींना ते इंजेक्शन बराबर आठवत असणार. इतकी बदनामी झाली तरी त्यांनी कुणापुढं त्याचा उल्लेख केला नाही. कदाचित त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. कदाचित तुझ्याकडं बघून गप्प राहिले. कोणतं खरं असलं तरी मला ते सोसत नाही.

आज दुपारी मॅडमला फोन केला. म्हणालो, "मी तुमच्याशी खोटं बोललो. सुई एकच होती." मला वाटलं, रागावतील. त्यांनी एवढंच विचारलं, "काका, त्या सुईनं आणखी कोणत्या जनावराला टोचलं?" मी सांगितलं, त्याच वरातीत सेनगावच्या रणजीतचा घोडा होता, त्यालाही. त्या म्हणाल्या, तेव्हा तपासात तो चांगला निघाला होता, पण पुन्हा रक्त घ्यावं लागेल. मग मी स्वतः रणजीतकडं गेलो. त्याच्या दारात चार घोडेवाले बसले होते. त्यांच्यासमोरच सगळं सांगितलं, दाजींचा दोष नव्हता हे त्यांचं नाव घेऊन. रणजीत उठून घोड्याकडं गेला, त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही. रिपोर्ट यायला दहा-बारा दिवस लागतील.

वसमतला रविवारी जाणार आहे. जिथं जिथं बोललो तिथं तिथं जाणार आहे. त्यानंतर डोंगरकड्याला येईन. घरात घ्यायची तकलीफ करू नका. दाजी दारात आले तर त्यांच्याशी दोन शब्द बोलेन आणि पुढच्या गाडीनं परत येईन. नाही आले तर तेही बराबर आहे.

हे पत्र तू वाचून ठेवून देऊ नको. दाजींसमोर मोठ्यानं वाच. सुईचं वाचताना थांबू नको.

खाली दादा लिहीत नाही. ते तू म्हणायचं असतं, आणि आता म्हणावंसं वाटतं का, ते मला विचारायचा हक्क नाही.

मुंजाजी